प्रोग्रॅम आपला, डेटा त्यांचा

डाउनलोड करून घेतलेलं बहुतेक सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी पुरेपूर उपयोगी पडतं. फोटोचा आकार कमी करणारा प्रोग्रॅम उघडला, काम उरकलं, बंद केला. उद्या तो मशीनवरून उडाला तरी पुन्हा उतरवून घेता येतो, कुणाचं काही जात नाही. डेटाबेसवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचं तसं नसतं. पहिल्या दिवशी तो रिकामा असतो. नावं, तारखा, रकमा, शेरे यांच्यासाठी आखलेल्या जागा तेवढ्या असतात. मग कुणीतरी रोज बसून त्या भरतं. वर्ष जातं, तीन वर्षं जातात, आणि आपण दिलेली ती रिकामी चौकट कुणाच्या तरी कामाची एकमेव नोंद होऊन बसते. संग्रहातल्या पुस्तकांची यादी असेल, पेशंटचे जुने तपशील असतील, एखाद्या अभ्यासकानं वर्षानुवर्षं टिपलेल्या पक्ष्यांच्या नोंदी असतील. प्रोग्रॅम परत मिळतो, नोंदी मिळत नाहीत.

मी असे छोटे डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिते आणि कुणालाही उतरवून घेता येतील असे ठेवते. फॉर्म, रिपोर्ट, शोध हे सगळं लिहिताना मन रमतं. पण ज्या कामाबद्दल शेवटी ‘आता फक्त सेटअप बनवायचा राहिलाय’ असं म्हटलं जातं, ते काम मला दिवसेंदिवस जास्त मोलाचं वाटू लागलं आहे. प्रोग्रॅम कुठे संपतो आणि समोरच्याचा डेटा कुठे सुरू होतो, ती रेघ तिथे आखली जाते. पाच वर्षांनी त्या माणसाच्या नोंदी जागेवर असतील की नाही, हे बरंचसं त्या रेघेवर ठरतं.

रेघ आखण्याआधी एक जुना प्रश्न सोडवावा लागतो. समोरच्याच्या मशीनवर डेटाबेस चालवणारं इंजिन येणार कुठून? डीबेस या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चालवायला मुळात डीबेस लागायचं. १९८५ मध्ये नँटकेट कंपनीचा क्लिपर आला आणि त्याच प्रोग्रॅमची कंपाइल करून ईएक्सई, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारी फाइल, बनवता येऊ लागली. ती आणि सोबतच्या डीबीएफ, म्हणजे डेटाच्या, फाइली फ्लॉपीवर टाकल्या की झालं. आज हे किरकोळ वाटेल, पण स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती सहज देता येणं ही फार मोठी मोकळीक होती. पुढे १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आलं, १९९५ मध्ये बोरलँडचं डेल्फी. दोन्हींनी फॉर्म आणि टेबलं बनवणं विलक्षण सोपं केलं, वाटप मात्र पुन्हा अवघड होऊन बसलं. डेल्फीत बोरलँडचं डेटाबेस इंजिन वापरलं असेल तर ते प्रत्येक मशीनवर वेगळं बसवून त्याची जुळणी करावी लागे. ॲक्सेसची फाइल चालवायला ॲक्सेस लागे, त्याचा रनटाइम, म्हणजे तयार फाइल फक्त चालवण्यापुरता भाग, सगळ्यांना फुकट मिळू लागला तो २००७ च्या आवृत्तीपासून. समोरचं ऑफिस ३२-बिट आहे की ६४-बिट, ही काळजी आजही सुटलेली नाही, कारण चुकीच्या जोडीचं इंजिन शेजारी नीट नांदत नाही. शिवाय ॲक्सेसची एक फाइल २ जीबीपलीकडे वाढत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा पूर्ण सर्व्हरच सोबत द्यायचा. अनेक माणसं अनेक मशीनवरून एकाच वेळी नोंदी भरणार असतील तर तो हवाच. एकट्या माणसाच्या प्रोग्रॅमसाठी मात्र मला तो अन्याय वाटतो. सर्व्हर म्हणजे पार्श्वभूमीला सतत चालणारी सर्व्हिस, पोर्ट, पासवर्ड, फायरवॉल, वेगळे अपडेट. पुस्तकांची यादी करायला बसलेल्या माणसाला आपण नकळत डेटाबेसचा ॲडमिन करून टाकतो.

याच जाचातून एसक्यूलाइट या डेटाबेस इंजिनाचा जन्म झाला. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. त्यांचा प्रोग्रॅम इन्फॉर्मिक्सच्या सर्व्हरशी बोलायचा. सर्व्हर बंद पडला की पडद्यावर बिघाडाचा संदेश झळकायचा तो हिप यांच्या प्रोग्रॅमचा, त्यामुळे बोल लागायचा त्यांनाच. सर्व्हर नावाची गोष्टच नसेल असा डेटाबेस का असू नये, हा विचार तिथे रुजला आणि २००० साली एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती निघाली. सगळा डेटाबेस एका फाइलीत, इंजिन प्रोग्रॅमच्या पोटात, आणि त्या इंजिनाचा आकार एक एमबीच्या आसपास. कोड सार्वजनिक मालकीचा, त्यामुळे वाटपाला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या कामासाठी मला यापेक्षा योग्य इंजिन सापडलेलं नाही.

वाटपाच्या जगात काय काय घडू शकतं याची एसक्यूलाइटचीच एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. एका अँटिव्हायरसमध्ये एसक्यूलाइट वापरलं होतं आणि ते टेंप फोल्डरमध्ये ‘एसक्यूलाइट’ या नावानं सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फाइली तयार करी. त्या पाहून लोक नावाचा शोध घेत आणि एसक्यूलाइट बनवणाऱ्यांना फोन करून जाब विचारत. शेवटी त्यांनी तात्पुरत्या फाइलींच्या नावातली अक्षरं उलटी केली, शोधणाऱ्याला सहज माग लागू नये म्हणून. माणसं आपल्या फोल्डरमध्ये काय आलंय ते बघतात. अनोळखी फाइल दिसली की घाबरतात. सेटअप बनवणाऱ्यानं हे कायम डोक्यात ठेवावं.

आता खरा कळीचा मुद्दा: नोंदींची फाइल ठेवायची कुठे?

विंडोजवर प्रोग्रॅम सहसा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरमध्ये बसतो. तिथे साध्या लॉगिनला लिहिण्याची परवानगी नसते, आणि नसावीच, नाहीतर कुठलाही भुरटा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमची ईएक्सई बदलू शकेल. विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक घरगुती मशीनवर माणसं ॲडमिन म्हणूनच काम करत, त्यामुळे डेटाबेसची फाइल ईएक्सईशेजारी ठेवली तरी चालून जाई. २००७ च्या सुरुवातीला विंडोजची पुढची आवृत्ती व्हिस्टा बाजारात आली आणि ही वहिवाट मोडली. जुने प्रोग्रॅम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोजनं पडद्यामागे एक सोय केली. असा प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला निघाला की ते लेखन त्या-त्या माणसाच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरकडे वळवलं जाई. प्रोग्रॅमला वाटे आपण आपल्याच फाइलीत लिहितोय. प्रत्यक्षात एकाच मशीनवर दोन लॉगिन असतील तर दोन वेगळ्या फाइली तयार होत. एकानं भरलेली नोंद दुसऱ्याला दिसत नसे. आणि कुणी काळजीपूर्वक प्रोग्रॅमच्या फोल्डरमधून फाइल उचलून बॅकअप घेतला, तर त्या बॅकअपमध्ये पहिल्या दिवसाची कोरी फाइल असे. फाइल ईएक्सईशेजारी ठेवणारे प्रोग्रॅम मला आजही दिसतात आणि प्रत्येक वेळी त्यातल्या नोंदींची चिंता वाटते.

मग जागा कुठली? ‘ॲपडेटा’ हे नियमानुसार उत्तर आहे. प्रत्येक लॉगिनचं स्वतंत्र, लिहायला मोकळं. पण तो फोल्डर लपवलेला असतो. नवं मशीन घेतल्यावर माणूस डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप उचलतो आणि जुनं मशीन देऊन टाकतो. ॲपडेटामध्ये आपलं काही आहे हे त्याच्या गावीही नसतं. सेटिंग्जसाठी, तात्पुरत्या गोष्टींसाठी ती जागा उत्तम. तीन वर्षांच्या नोंदी तिथे लपवायला माझं मन तयार होत नाही. ‘प्रोग्रॅमडेटा’ सगळ्या लॉगिनना सामाईक असतो, पण तिथेही मेख आहे: एका लॉगिननं तयार केलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही. सेटअपनंच फोल्डर तयार करून त्याला तशी परवानगी दिली तरच सामाईक वापर शक्य होतो.

राहिलं डॉक्युमेंट्स. डोळ्यांसमोरचं, ओळखीचं, बॅकअपमध्ये हमखास येणारं. पण अलीकडे हा फोल्डर अनेक मशीनवर परस्पर क्लाउडशी जोडलेला असतो. फाइल बदलली की ती वर चढवायची, एवढंच सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमला कळतं. एसक्यूलाइटमध्ये २०१० पासून ‘वॉल’ नावाची पद्धत आहे. तिच्यात ताजे बदल आधी शेजारच्या एका वेगळ्या फाइलीत लिहिले जातात आणि नंतर मूळ फाइलीत मुरवले जातात. म्हणजे काम चालू असताना डेटाबेस ही एक फाइल नसते, एकमेकींवर अवलंबून असलेल्या दोन-तीन फाइली असतात. सिंकनं त्या वेगवेगळ्या क्षणी उचलल्या तर दुसऱ्या मशीनवर जे पोचतं ते कुठल्याच क्षणाचं खरं चित्र नसतं. नेटवर्कवरच्या सामाईक ड्राइव्हवर तर वॉल चालतच नाही, कारण त्यासाठी सगळे प्रोग्रॅम एकाच मशीनवर असावे लागतात.

म्हणून मी जागा गृहीत धरत नाही, विचारते. पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडला की एकच प्रश्न येतो: तुमच्या नोंदींची फाइल कुठे ठेवायची? सुचवलेली जागा आधीच भरलेली असते, त्यामुळे ज्याला विचार करायचा नाही त्याला फक्त पुढे जायचं असतं. निवडलेली जागा क्लाउडच्या किंवा नेटवर्कच्या फोल्डरमध्ये आहे असं ओळखू आलं तर प्रोग्रॅम वॉल वापरत नाही आणि दोन मशीनवर एकदम उघडू नका असं स्पष्ट सांगतो. फाइलीचा पूर्ण पत्ता खिडकीच्या तळाशी कायम दिसतो. लोकांना असल्या गोष्टी विचारून गोंधळात टाकू नये, असं या क्षेत्रातल्या अनेकांचं मत आहे. मला ते पटत नाही. ज्या वस्तूत आपण तासन् तास घालणार ती कुठे आहे हे माहीत असणं हा त्या माणसाचा हक्क आहे.

दुसरी अवघड जागा म्हणजे अपडेट. सुतार नवं कपाट बसवायला आला तर आतल्या वस्तू त्याच क्रमानं परत लागल्या पाहिजेत, आणि एकही गहाळ होता कामा नये. फरक एवढाच की इथे सुतार समोर नसतो. नव्या आवृत्तीत एखादा कॉलम वाढलेला असतो, एका टेबलाची दोन झालेली असतात, आणि ते काम सेटअपनं किंवा पहिल्यांदा उघडलेल्या प्रोग्रॅमनं, कुणी देखरेखीला नसताना, अनोळखी डेटावर करायचं असतं.

एसक्यूलाइटच्या फाइलीच्या सुरुवातीच्या भागात ‘यूजर व्हर्जन’ नावाचा एक आकडा ठेवायला जागा असते. इंजिन त्याला हात लावत नाही, तो आपल्यासाठीच असतो. त्या आकड्यावरून प्रोग्रॅमला कळतं की ही फाइल रचनेच्या कितव्या टप्प्यावर आहे. कुणी चौथ्या आवृत्तीवरून थेट नवव्यावर येतो, मधल्या कधी उतरवूनच घेतलेल्या नसतात. म्हणून चारवरून पाच, पाचवरून सहा अशा पायऱ्या सगळ्या जपून ठेवाव्या लागतात, जुनी पायरी कधीच काढून टाकता येत नाही. एसक्यूलाइटमध्ये टेबलाची रचना बदलणंसुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशा एका गठ्ठ्यात, बसतं; मध्येच वीज गेली तरी फाइल एकतर पूर्ण जुनी राहते किंवा पूर्ण नवी होते. मायएसक्यूएलमध्ये असा बदल चालू ट्रान्झॅक्शन परस्पर पक्कं करून टाकतो. इंजिन निवडताना या फरकाला मी फार वजन देते.

तरीही पहिली पायरी चढण्याआधी प्रत घेतली जातेच. ती साधी फाइल-कॉपी नसते, कारण मघाचा शेजारच्या फाइलींचा घोळ इथेही आडवा येतो. इंजिनाची स्वतःची बॅकअपची सोय किंवा २०१९ मध्ये आलेली ‘व्हॅक्यूम इंटू’ ही आज्ञा वापरली की एकसंध प्रत मिळते. पुढची आवृत्ती आली तरी आधीच्या प्रती मी पुसत नाही. जागा लागते, लागू दे. आणि उलट दिशाही बंद करावी लागते: नव्या रचनेची फाइल जुन्या प्रोग्रॅमनं उघडायचा प्रयत्न केला तर त्यानं सरळ नकार द्यावा आणि कारण सांगावं. समजेल तेवढं वाचून घेऊ, अशी उदारता इथे घातक ठरते.

विश्वासाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यात तंत्रापेक्षा खर्च आणि धीर जास्त लागतो. ब्राउझरनं उतरवलेल्या फाइलीला विंडोज ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी खूण चिकटवतं. सेटअप चालवला की विंडोजचा स्मार्टस्क्रीन हा पहारेकरी ती खूण आणि प्रकाशकाची डिजिटल सही तपासतो, आणि ओळख पटली नाही तर इशाऱ्याची मोठी खिडकी उभी करतो. सही करायला मान्यताप्राप्त संस्थेकडून सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं. जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली सुरक्षित हार्डवेअरवरच ठेवण्याचं बंधन आहे. सही झाली म्हणजे इशारा लगेच थांबतो असंही नाही, पुरेशा लोकांनी उतरवून घेईपर्यंत नवी फाइल अनोळखीच राहते. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून ॲप ॲपलकडे पाठवून नोटराइज, म्हणजे तपासून मान्य, करून घ्यावं लागतं. २०२४ च्या सिकोयामध्ये तर राइट-क्लिक करून उघडण्याची जुनी पळवाटही बंद झाली.

हे नियम योग्य कारणासाठी आहेत, खोट्या सेटअपमधून माणसांचं फार नुकसान झालेलं आहे. पण एकटीनं, हौसेनं किंवा सेवा म्हणून सॉफ्टवेअर देणाऱ्यांवर त्यांचं ओझं सर्वांत जास्त पडतं, हे मला खुपतं. त्यातून निघालेला ‘इशारा आला तरी पुढे जा’ असं लिहून ठेवण्याचा रिवाज मी पाळत नाही. आपल्या चार ओळींनी एखाद्याला इशारे दुर्लक्षित करायची सवय लागली, तर पुढच्या वेळी तीच सवय त्याला भलत्याच सेटअपपर्यंत नेईल. मी सही करते, सही कधी झाली त्याचा टाइमस्टँप लावते म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपली तरी जुनी सही वैध राहते, आणि फाइल वाटेत बदलली नाही ना हे पडताळण्यासाठी एसएचए-२५६ चा ठसाही शेजारी देते. तो तपासणारे मोजकेच असतात, पण त्यांना तो हवा असतो.

चाचणीबद्दल थोडंच सांगते. आपलं मशीन साक्षीला काढू नये, त्यावर सगळे रनटाइम आधीच बसलेले असतात. कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर, ॲडमिन नसलेल्या लॉगिननं, इंटरनेट तोडून सेटअप चालवून बघावा. लॉगिनचं नाव रोमन सोडून दुसऱ्या लिपीत ठेवावं; फाइलींचे पत्ते जुन्या पद्धतीनं हाताळणारी एखादी लायब्ररी प्रोग्रॅममध्ये दडलेली असेल तर ती तिथे उघडी पडते. मशीनच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम निवडावा आणि रकमा भरून, निर्यात करून पाहाव्या. मग जुन्या आवृत्तीची भरलेली फाइल घेऊन हेच सगळं पुन्हा.

अनइन्स्टॉलबाबत माझं मत पक्कं आहे. काढून टाकायचा तो प्रोग्रॅम. इन्नो सेटअप किंवा विक्ससारखी सेटअप बनवणारी साधनं आपण जे बसवलं तेवढंच काढतात, वापरादरम्यान तयार झालेल्या फाइलींना आपणहून हात लावत नाहीत, आणि तो संयम आपणही राखावा. ‘सगळं साफ करा’ असा पर्याय द्यायचा असेल तर तो सेटिंग्जपुरता ठेवावा. माणसं प्रोग्रॅम बिघडला म्हणून काढून पुन्हा बसवतात, नोंदी नकोशा झाल्या म्हणून क्वचितच.

आणि प्रोग्रॅम बनवणारी मीच उद्या नसले तर? हा प्रश्न पॅकेज बनवताना विचारायचा असतो, नंतर वेळ गेलेली असते. व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस साधनाची शेवटची आवृत्ती २००४ ची आणि त्याला कंपनीचा आधार २०१५ मध्ये संपला. तरीही फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली आज इतर साधनांनी वाचता येतात, कारण त्या फॉर्मॅटची माहिती जगाला होती. एसक्यूलाइटचा सध्याचा फॉर्मॅट २००४ पासूनचा आहे आणि किमान २०५० पर्यंत आधार देण्याचा त्याच्या विकासकांचा मानस जाहीर आहे. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस डेटासेट जपण्यासाठी सुचवते त्या फॉर्मॅटमध्येही तो आहे. पण फाइल उघडणं आणि ती समजणं यांत अंतर आहे. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही. तारीख मजकूर म्हणून ठेवता येते, १९७० पासूनचे सेकंद म्हणून, किंवा ज्युलियन दिवसांचा, म्हणजे एका प्राचीन ठरावीक दिवसापासून मोजलेल्या दिवसांचा, आकडा म्हणून. ‘स्थिती’ नावाच्या कॉलममध्ये ३ लिहिलं असेल तर ते काय, हे फक्त माझ्या कोडला ठाऊक.

म्हणून माझ्या पॅकेजमध्ये आता एक साधी टेक्स्ट फाइल असते. कोणत्या टेबलात काय आहे, तारखा कशा लिहिल्या आहेत, १, २, ३ या आकड्यांचे अर्थ काय, आणि माझा प्रोग्रॅम नसताना ही फाइल कोणत्या फुकट साधनांनी उघडता येईल, एवढं तिच्यात लिहिलेलं असतं. रचना बदलली की प्रोग्रॅम तीही नव्यानं लिहितो. ती मी प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवत नाही. प्रोग्रॅम काढला तर तिथलं सगळं जाईल, आणि तिची गरज नेमकी त्यानंतर लागणार आहे. ती नोंदींच्या फाइलीशेजारी ठेवली जाते, त्या माणसानं निवडलेल्या फोल्डरमध्ये.